एका हाताने चीज-कांदा टोस्ट

९ जानेवारी

मायना काय लिहावा ते अर्धा तास सुचलं नाही, म्हणून तो सोडून देतो.

तुझे बाबा बरे आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना धस्स व्हायला नको. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. उजवा पाय बराचसा परत आलाय, काठी घेऊन चालतात. बोलतात, पण शब्द शोधावा लागतो, आणि कधी कधी हाती लागतो तो भलताच. परवा आत्यांना "खिडकी लाव" म्हणायचं होतं, तर "पुस्तक मिट" म्हणाले. आत्या बिचाऱ्या पलंगावर पुस्तक शोधत बसल्या. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं काय येणार?

सोळा दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहेत. त्याच दोन खोल्या, खाली चष्म्याचं दुकान. सकाळी आत्या असतात, संध्याकाळी मी. हो, मी. आपण वेगळे झालो त्याला तीन वर्षं झाली, पण दर रविवारी मी बाबांकडे जात होतो, हे तुला ठाऊक नसावं. त्यांचा माझ्यावर जीव आहे. का आहे, ते आपल्या दोघांनाच माहीत.

इतके दिवस कळवलं नाही याचा राग येईल. "तिला सांगायचं नाही," असं त्यांनी मला शुद्धीवर आल्या आल्या बजावलं, आणि ते वाक्य मात्र कुठेही अडखळलं नाही. पण आज त्यांनी डाव्या हाताने शर्टाची चार बटणं लावली. बावीस मिनिटं लागली. मदत करायला गेलो तर काठी उगारली. ते पाहिल्यावर तुला न सांगणं मला जमेना.

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून पाणी तपासणाऱ्या तुमच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवतोय.

१ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. "बाबांचं कळवत राहा. दुसरं काही लिहू नकोस." ठीक आहे. दुसरं काही लिहिणार नाही.

तर बाबांचं. आत्यांनी अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहून ठेवली आहे. "खिडकीजवळची खाट आहे, नंतर मिळायची नाही," असं दिवसातून दोनदा म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. त्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, रोज दोन जिने चढायचे म्हणजे गुडघे काय म्हणत असतील! मी लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस, आणि नेमक्या याच इमारतीला लिफ्ट नाही.

दवाखान्याने घरी एक थेरपिस्ट बाई पाठवल्या आहेत. तिशीच्या असतील. आवाज बारीक, पण माणूस खमक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आत्यांना स्वयंपाकघराबाहेर बसवलं आणि बाबांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"काका, तुम्हाला इथे राहायचंय की संस्थेत जायचंय?"

"इथे."

"मग एक गरम पदार्थ स्वतः करून दाखवायचा. चिरणं, पेटवणं, उलटणं, बंद करणं, सगळं आलं पाहिजे. खोलीत मी असेन, पण मी हात लावणार नाही. दुसरं कुणी नको. मार्चअखेरपर्यंत जमलं, तर तुम्ही एकटे राहू शकता असं मी लिहून देईन."

"चहा जमेल त्यांना," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

तुला माहीतच आहे, या माणसाने जन्मात चहासुद्धा केला नाही. आधी आई होती, मग तू, मग कोपऱ्यावरचं हॉटेल. त्यांनी छताकडे पाहिलं.

"पाव," ते म्हणाले. "मध्ये ते... साबण."

"चीज?"

"चीज. कांदा. दाबून भाजलेलं."

"चीज-कांद्याचा टोस्ट! पण काका, तोच का?"

"बांधलेला असतो," बाबा म्हणाले. "सांडत नाही."

बाईंनी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. हसल्या नाहीत. मला त्या तिथेच आवडल्या.

१२ फेब्रुवारी

बाईंनी रोज सराव सांगितला आहे, आणि सरावाला माझी नेमणूक झाली आहे. माझं काम काय? हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. याच्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

बटण फिरवलं की पेटणारी शेगडी आणून बसवली. तेवढीच मदत बाईंनी चालवून घेतली.

पहिल्या दिवशी कांदा सुरीखालून सटकला तो थेट पलंगाखाली. काठीने बाहेर काढला, धुतला, पुन्हा सटकला. शेवटी हनुवटीखाली धरून चिरायला निघाले, तेव्हा मी ओरडलो. चीजचं पाकीट दातांनी फाडलं. लोणी लावायला गेले की पावाचा काप सुरीबरोबर पुढे पुढे पळायचा, आणि ते त्याच्यामागे ओट्याच्या टोकापर्यंत. मला हसू आलं. त्यांनाही आलं.

चौथ्या दिवशी टोस्ट झाला, पण कोळसा. हाताला थोडं लागलं. विशेष नाही.

संध्याकाळी ते आत्यांना म्हणाले, "पाठव मला." आत्यांनी लगेच संस्थेला फोन लावला. बाई म्हणतात, मुदत अजून आहे, मुदतीआधी कुणी कुठे जायचं नाही.

१६ फेब्रुवारी

मागच्या पत्रात "विशेष नाही" लिहिलं, ते खरं नव्हतं. तुझ्याशी पुन्हा तसं वागायचं नाही म्हणून लगेच दुसरं पत्र लिहितोय.

त्यांचा उजवा हात ओट्यावर पडला होता, तव्याच्या कडेला टेकून. त्या हाताला काही कळत नाही. चार बोटांवर फोड आले तरी त्यांना पत्ता नव्हता, वास आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. आणि मी तिथे नव्हतो. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, तो फोन घेऊन मी गॅलरीत गेलो होतो. तीन मिनिटं. मोजली नाहीत, पण तीनच असतील असं स्वतःला सांगतोय.

बाईंनी दोन दिवसांनी पट्टी पाहिली आणि माझी बिनपाण्याने केली. "तुमचा फोन महत्त्वाचा की त्यांचा हात?" बाबा मध्ये पडले.

"त्याला... बोलू नका. हात माझा."

मग उठले, कपाटाशी गेले, आणि खालच्या खणातून त्यांचा कामावरचा जुना एप्रन काढला. जाड कापडाचा, पुढे मोठा खिसा असलेला. तो डोक्यातून घातला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि खिशात ठेवून दिला, जशी एखादी कात्री ठेवावी.

"आता कुठे जाईल?" म्हणाले.

बाईंनी वही उघडली. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. फोड बरे होताहेत, डॉक्टरांना दाखवलंय. हे खरं आहे.

३ मार्च

तू इथे असायला हवी होतीस. एवढं लिहिणं अटीबाहेर होत असेल तर खोडून वाच.

बाईंनी सांगितलं होतं, एका हाताने काम करणाऱ्यांसाठी खिळे लावलेली पाटी मिळते, कांदा त्या खिळ्यांवर खोचायचा म्हणजे हलत नाही. मी म्हटलं, उद्या आणतो. बाबा म्हणाले, "मी करणार."

खिळा धरायला एक हात, हातोडीला दुसरा. दुसरा हात तर खिशात. मला वाटलं, आता मला हाक मारतील. त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी घेतली, खिळ्याचं टोक तीत दाबून रुतवलं, पट्टी फळीवर ठेवली आणि तिच्या दुसऱ्या टोकावर बाइंडिंगचं लोखंडी वजन ठेवलं. खिळा ताठ उभा! डाव्या हाताने हातोडी चालवली. पाच घाव फळीवर, सहावा खिळ्यावर. दोन खिळे आरपार जायला आख्खी दुपार गेली. मग पट्टी फाडून टाकली, फळी उलटी केली, आणि दोन टोकं वर आलेली मला दाखवली. एका कोपऱ्याला त्यांनी काटकोनात दोन बारीक पट्ट्याही चिकटवल्या. पाव त्या कोपऱ्यात टेकवायचा, मग लोणी लावताना तो पळत नाही. हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं. हे त्यांचं.

मग कांद्याकडे वळले. जाड चकत्या चावताना सगळ्या एकदम बाहेर ओढल्या जातात, म्हणून इतक्या पातळ करायच्या की खालची फळी दिसली पाहिजे. चकत्यांना मीठ चोळून दहा मिनिटं ठेवतात, सुटलेलं पाणी टिपकागदाने टिपतात. का, म्हणून विचारलं.

"ओलं... चिकटत नाही," म्हणाले, मला काहीच कळत नाही अशा नजरेने.

किसणीखाली ओलं फडकं ठेवून घट्ट बसवतात. चीज पावावर कडेपर्यंत, मग कांदा, मिरपूड, वर पुन्हा थोडं चीज, म्हणजे कांदा दोन्ही बाजूंनी धरला जातो. लोणी बाहेरून. लोण्याला ते अजून पुस्तकं चिकटवायच्या चिकीचं नाव देतात, "खळ" म्हणतात, आणि बाई आणि मीही आता खळच म्हणतो. आच मंद. तव्याचा दांडा डावीकडे. वर बटरपेपरमध्ये गुंडाळलेलं तेच लोखंडी वजन.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दाब. दाबाशिवाय बांधणी... बसत नाही."

उलटताना उलथणं खाली घालून क्षणभर थांबतात, श्वास घेतात, आणि मनगटाला असा झटका देतात, जसं पत्त्याचं पान उलटावं. काल पहिल्यांदा तो न सुटता उलटला. चारी कडा सोनेरी, कुठूनही चीज बाहेर नाही. चाळीस वर्षांत त्यांनी बांधलेलं एखादं पुस्तक हातात घेतलं की तू कशी आधी त्याचा कणा बोटाने चाचपायचीस? मी त्या टोस्टची कड तशीच चाचपली.

बाईंनी परीक्षेचा दिवस ठरवला आहे. पुढचा शुक्रवार, सकाळी अकरा.

१० मार्च

आज तुझी अट मोडतो. बाबांबद्दल लिहायचं तर आता आपल्याबद्दल लिहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

काल त्यांनी टोस्ट केला, कर्णावर कापला, आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. आम्ही दोघे ओट्याशी उभ्यानेच खात होतो. मी खरंच मनापासून म्हणालो, "बाबा, असा टोस्ट मी कुठे खाल्ला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. शब्द शोधत होते. मग म्हणाले, "माझ्या मुलीने... टाकलं तुला. तरी तू आलास."

त्या माणसाने चाळीस दिवस माझ्यासमोर एक गोष्टही सोपी करून घेतली नव्हती. आणि मी तीन वर्षं सोप्या गोष्टीवर जगत होतो.

मी सगळं सांगितलं. तुझ्या नव्या नोकरीच्या गावी जायला तू बसस्टँडवर दोन तिकिटं घेऊन थांबली होतीस, आणि मी आलो नाही. राजीनामा दिलाय असं तुला सांगितलं होतं, तो माझ्या खणातच पडला होता. नव्या गावाची भीती वाटत होती, आणि ती भीती तुला सांगायची लाज. संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "ती कुठे?" आणि मी म्हणालो, "मला सोडून गेली." त्या तीन शब्दांवर विसंबून त्यांनी तुला फोनवर सांगितलं, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." तू एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असतीस. पाडलं नाहीस. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता त्या हायसं वाटण्याचीच जास्त शरम वाटते.

बाबांनी आपला घास संपवला. बोटं पुसली.

"ते खाली ठेव," म्हणाले.

मी हातातला टोस्ट ताटलीत ठेवला.

"किल्ली."

"बाबा, शुक्रवारी परीक्षा आहे. सराव तरी..."

"किल्ली ठेव. जा."

ठेवली आणि निघालो. आत्यांना फोन करून सांगितलं की काही दिवस मला जमणार नाही. कारण सांगितलं नाही. तेही बहुतेक सांगावं लागेल.

१८ मार्च

शुक्रवारी वर जायची परवानगी नव्हती, पण रस्त्यावर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत चौकटी बघत राहिलो. दुकानदाराला माझी दया आली असावी, त्याने आत बसवून डोळे तपासले. नंबर वाढलाय.

बाराला पाच कमी असताना बाई खाली आल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिला कांदा खाली पडला. माझा हात आपसूक पुढे गेला. काका म्हणाले, 'थांबा.' दुसरा घेतला. पुढे मला लिहायला काही उरलंच नाही. शेगडी बंद केल्यावर बटणाला हात लावून पुन्हा खात्री केली, ते तर मी शिकवलंही नव्हतं."

"मग?"

"मग काय? अर्धा मला दिला. मी घरून जेवून निघाले होते, तरी सगळा खाल्ला." त्या थोडं थांबल्या. "खाट सोडून द्या म्हणून आत्यांना सांगितलंय. त्या रडल्या. आणि हो, काकांनी मला विचारलं, बसमध्ये एकट्याने चढता येईल का. कुठे जायचंय त्यांना?"

मला माहीत नाही म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण अगदी खरंही नव्हतं.

तेव्हापासून थेरपिस्ट बाई त्यांना घेऊन रोज खालच्या बसथांब्यावर जातात. थांबलेल्या बसमध्ये चढायचं, उतरायचं. डावा पाय आधी, की उजवा? मी पलीकडच्या फुटपाथवरून पाहिलं. एक ड्रायव्हर तर आता त्यांच्यासाठी मुद्दाम अर्धा मिनिट जास्त थांबतो.

५ एप्रिल

काल बाबांचा फोन आला. "वर ये." एवढंच.

गेलो. दार त्यांनीच उघडलं. एप्रन नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता. मला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले.

"तू खोटं बोललास."

"हो."

"मी विचारलं नाही." मी खिडकीकडे पाहिलं. "तिला. एकदाही. विचारलं नाही."

"बाबा, चूक माझी होती."

"तुझी तुझी. माझी... माझी. वाटून नाही घ्यायची."

तिकीट टेबलावर होतं. एकच. सहा तासांचा प्रवास आहे, मी सोबत येतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी तुला कळवतो म्हणालो, तर म्हणाले, "नको. ती म्हणेल, येऊ नका." मग म्हणाले, तुला काही लिहायचं असेल तर लिहून दे, मी नेतो. म्हणून हे पत्र तुझ्या बाबांच्या वरच्या खिशातून तुझ्याकडे येतंय. पाकीट त्यांनीच चिकटवलं असेल, कडा बघ, कुठे सुरकुती दिसणार नाही. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही.

जिन्यात मी विचारलं, "मी रविवारी येत जाऊ का?"

"ये," म्हणाले. "जावई म्हणून नको."

"मग काय म्हणून?"

विचार करून म्हणाले, "लिफ्टवाला म्हणून. बघ, या इमारतीत... बसते का."

मी तुझ्याकडे काही मागत नाही. माफीही नाही, ती मागायचा हक्क मला उरलेला नाही. फक्त तुला माहीत असाव्यात अशा दोन-चार गोष्टी सांगतो. जिना चढताना त्यांचा हात धरू नकोस, एक पायरी मागे राहून चाल. हात नसलेली खुर्ची नको. उजवा हात कुठे टेकलाय तिकडे लक्ष ठेव, तेही ठेवतात, पण तुला बघितल्यावर विसरतील.

आणि ते तुला काहीतरी सांगतील. महिनाभर ते एक वाक्य पाठ करताहेत, भिंतीकडे तोंड करून, कुणी ऐकू नये म्हणून. ते आत्यांनी सांगितलं. मध्येच थांबतील, ओठ हलतील, शब्द येणार नाही. तुला तो शब्द कोणता ते लगेच कळेल, आणि सुचवावासा वाटेल. सुचवू नकोस. थांब. वेळ लागतो, पण त्यांना तो सापडतो.